उमेदवाराची कसोटी : वुड्रो विल्सन यांचीं गव्हर्नरपदाचीं दोन वर्षें

दुकानावर नवा मुनीम ठेवावयाचा असला म्हणजे शहाणा व्यापारी त्याच्या गोड बोलण्यावर भुलत नाहीं. पूर्वीं ज्या पेढीवर त्यानें काम केलें तेथील वह्या त्यानें कशा राखल्या, उधारी किती वसूल केली, आणि धनी परगांवीं असतां गल्ल्याशीं तो कसा वागला, याची तो आधीं चौकशी करतो. किल्ल्या त्यानंतर हवालीं करतो. परंतु हाच गृहस्थ राष्ट्राच्या तिजोरीच्या किल्ल्या कोणाच्या हातीं द्याव्या याचा निर्णय करण्यास निघाला म्हणजे त्याची ही सारी सावधगिरी कोठें जाते कोण जाणे! सभेंतील टाळ्या, मिरवणुकींतील झेंडे आणि जातभाईंची भीड एवढ्यावर तो आपलें मत देऊन मोकळा होतो. उमेदवाराचें पूर्वचरित्र कसें वाचावें, त्यांत काय शोधावें आणि काय गृहीत धरूं नये, याचा एक उत्तम धडा अमेरिकेच्या इतिहासांत आहे. तो वुड्रो विल्सन यांच्या चरित्राचा होय. १९१२ सालीं ते अध्यक्षपदासाठीं उभे राहिले तेव्हां राज्यकारभाराचा अनुभव म्हणून जो कांहीं त्यांच्या गांठीं होता तो न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरपदाचा, आणि तोहि पुरत्या दोन वर्षांचा नव्हता.

आपल्याकडील वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. आपल्या राज्यघटनेप्रमाणें राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपति करतात, आणि सामान्यतः तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतो. अमेरिकेंतील गव्हर्नर तसा नव्हे. तो लोकांच्या मतांनीं निवडून येतो, राज्याचा कारभार स्वतः हांकतो, आणि कायदेमंडळानें मंजूर केलेलें विधेयक परत धाडूं शकतो. अधिकाराच्या दृष्टीनें तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या अधिक जवळचा. म्हणूनच त्या देशांत गव्हर्नरपद ही अध्यक्षपदाची तालीम समजली जाते. विल्सन यांच्यापूर्वीं ग्रोव्हर क्लीव्हलंड व थिओडोर रूझवेल्ट, आणि त्यांच्यामागून फ्रँक्लिन रूझवेल्ट, जिमी कार्टर, रोनाल्ड रेगन, बिल क्लिंटन व धाकटे जॉर्ज बुश हे सारे याच तालमींतून पुढें आले. तालमींत गडी कसा खेळतो हें पाहिल्यावांचून आखाड्यांतील कुस्तीवर पैज लावणें शहाणपणाचें नव्हे.

विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजीं व्हर्जिनिया राज्यांतील स्टाँटन या गांवीं झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. मुलाचें बालपण जॉर्जिया व दक्षिण कॅरोलिना या गुलामगिरीच्या मुलखांत, यादवी युद्धाच्या धुरांत गेलें. ऑगस्टा येथें वडिलांच्या प्रार्थनामंदिरांत दक्षिणेच्या जखमी शिपायांचें रुग्णालय उघडलें होतें, तें या बालकानें पाहिलेलें. पुढें त्यांनीं प्रिन्स्टन येथें शिक्षण घेतलें, अटलांटांत वकिली करून पाहिली, ती मानवली नाहीं म्हणून पुन्हां अभ्यासाकडे वळून १८८६ मध्यें जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. आदल्याच वर्षीं अमेरिकन कायदेमंडळाच्या कारभारावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन विद्वानांत त्यांचें नांव झालें होतें. १८९० पासून ते प्रिन्स्टनला प्राध्यापक, आणि १९०२ पासून त्या विद्यापीठाचे प्रमुख झाले. म्हणजे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत या मनुष्यानें राज्यकारभारावर पुस्तकें लिहिलीं, व्याख्यानें दिलीं. पण कारभाराच्या पाण्यांत पाऊल घातलें नव्हतें.

तथापि विद्यापीठाचा कारभार हाहि एक कारभारच आहे, आणि विल्सन यांचे गुणदोष पारखण्यास तो पुरेसा होता. विद्यार्थ्यांच्या लहान तुकड्या करून त्यांच्यावर शिक्षक नेमण्याची पद्धति त्यांनीं १९०५ मध्यें घालून दिली. अभ्यासाला शिस्त आणली. मग श्रीमंत विद्यार्थ्यांच्या भोजनमंडळांतील उच्चनीच भाव मोडण्यासाठीं सर्वांनीं एकत्र राहावें व जेवावें अशी योजना त्यांनीं १९०७ मध्यें मांडली. हेतु उदात्त होता, पण माजी विद्यार्थी व विश्वस्त खवळले आणि योजना बारगळली. पुढें पदव्युत्तर विद्यालय कोठें बांधावें यावरून त्यांचें आणि प्राध्यापक अँड्र्यू वेस्ट यांचें हाडवैर जुंपलें. वाद जागेचा होता. सामोपचारानें तो मिटण्यासारखा होता. परंतु विल्सन यांनीं त्याला तत्त्वाचें रूप दिलें, आणि एका मोठ्या मृत्युपत्रानें वेस्ट यांच्या पारड्यांत धन पडतांच १९१० मध्यें ते हरले. आपलें म्हणणें खरें ठरविण्यासाठीं मित्रांशीं कायमचें वैर पत्करणें हा त्यांचा स्वभाव तेथें प्रथम उघड झाला. वाचकांनीं ही गोष्ट गांठीं बांधून ठेवावी. पुढें तिचा हिशेब द्यावयाचा आहे.

याच सुमारास न्यू जर्सीतील डेमोक्रॅटिक पक्षाची सूत्रें नेवार्कच्या जेम्स स्मिथ यांच्या हातीं होतीं. अशा सूत्रधारास अमेरिकेंत ‘बॉस’ म्हणतात. तो मतदारांसमोर क्वचितच उभा राहतो. परंतु उमेदवारी कोणाला, नोकरी कोणाला आणि ठेका कोणाला हें त्याच्या माडीवर ठरतें. पक्षाची अब्रू खालावली होती. तेव्हां एक निष्कलंक, विद्वान् प्राध्यापक दर्शनीं बसवावा आणि मागें आपण आपला व्यवहार चालवावा, असा स्मिथ यांचा हिशेब होता. मासिककार जॉर्ज हार्वे यांनीं मध्यस्थी केली, आणि सप्टेंबर १९१० मध्यें ट्रेंटन येथील पक्षसभेनें विल्सन यांस उमेदवारी दिली. पक्षांतील खऱ्या सुधारकांनीं या निवडीला विरोध केला होता. माडीवरून आलेल्या माणसाचा विश्वास काय धरावा, असें त्यांचें म्हणणें. आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें.

या शंकेला वाचा फोडली ती प्रतिपक्षांतील जॉर्ज रेकॉर्ड नांवाच्या सुधारणावाद्यानें. त्यानें विल्सन यांस जाहीरपणें एकोणीस प्रश्न घातले. बॉसपद्धति अस्तित्वांत आहे हें तुम्हांस मान्य आहे काय? तुमच्याच पक्षाच्या बॉसचें काय करणार? मुरब्बी राजकारणी अशा वेळीं गोल उत्तर देऊन सुटतो. विल्सन यांनीं ऑक्टोबर १९१० मध्यें प्रत्येक प्रश्नाचें लेखी व स्पष्ट उत्तर दिलें आणि बॉसगिरी मोडून काढण्याचें वचन दिलें. मतदारांचा विश्वास बसला. सुमारें ४९,००० च्या बहुमतानें ते निवडून आले.

वचनाची हुंडी वटविण्याचा प्रसंग लागलाच आला. त्या काळीं संघराज्याच्या सेनेटमधील सभासद राज्याचें कायदेमंडळ निवडीत असे. डेमोक्रॅटिक मतदारांनीं प्राथमिक निवडणुकींत जेम्स मार्टिन यांस पसंती दिली होती. परंतु ती पसंती कायद्यानें बंधनकारक नव्हती, आणि बहुमत हातीं येतांच स्मिथ यांनाच त्या जागेचा मोह सुटला. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ हा व्यवहार पाळावयाचा तर विल्सन यांनीं स्वस्थ बसावयाचें होतें. त्यांनीं प्रथम स्मिथ यांच्या घरीं जाऊन माघार घेण्याविषयीं विनविलें. तें ऐकलें नाहीं तेव्हां ते उघडपणें मैदानांत उतरले आणि जाहीर सभा घेऊन लोकांचा कौल पाळला पाहिजे असें त्यांनीं बजाविलें. जानेवारी १९११ मध्यें मार्टिन निवडून आले; स्मिथ यांच्या पदरीं बोटांवर मोजण्याइतकीं मतें पडलीं. मार्टिन कांहीं फार थोर पुरुष होते असें नाहीं. पण प्रश्न माणसाचा नसून लोकमताचा होता, आणि ज्या शिडीनें आपण चढलों ती लोकहिताच्या आड आली तर ती ढकलून देण्याचें धैर्य या माणसांत आहे एवढें त्या दिवशीं सिद्ध झालें.

पुढील तीन महिन्यांत जें घडलें तें कोणत्याहि सुधारकास भूषणावह होय. प्रतिनिधिगृहांत डेमोक्रॅट पक्षाचें बहुमत होतें, पण वरिष्ठ सभा रिपब्लिकनांच्या हातीं होती. असें असतांहि एप्रिल १९११ पर्यंत चार मोठे कायदे झाले. पक्षाचे उमेदवार बंद खोलींत न ठरतां मतदारांनीं सरकारी देखरेखीखालील प्राथमिक निवडणुकींत ठरवावे, हा पहिला. निवडणुकींतील लांचलुचपत व खर्च यांस आळा, हा दुसरा. वीज, पाणी, ट्रॅम, रेल्वे इत्यादि सार्वजनिक सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांचे दर ठरविण्याचा अधिकार असलेलें मंडळ, हा तिसरा. आणि कामावर असतां जायबंदी झालेल्या मजुरास भरपाई, हा चौथा. पूर्वीं मजुराला भरपाईसाठीं मालकाची चूक कोर्टांत सिद्ध करावी लागे; ज्याचा हात यंत्रांत गेला त्यानें वकील कोठून आणावा? नव्या कायद्यानें त्याच्या घरची चूल पेटती ठेविली. निवडणुकीचें विधेयक पाडण्याचा घाट स्मिथ यांचे आप्त व पक्षाचे राज्यप्रमुख नजेंट यांनीं घातला होता. विल्सन स्वतः पक्षाच्या सभासदांच्या खाजगी बैठकींत जाऊन बसले व त्यांना तासन् तास समजावून सांगितलें. आणि कचेरींत येऊन उर्मट बोलणाऱ्या नजेंट यांस त्यांनीं सरळ दार दाखविलें.

येथवरचें पान कोणीहि अभिमानानें वाचावें. पण खातेवहींत जमेचें पान वाचून उठणारा मनुष्य व्यापारी नव्हे. नोव्हेंबर १९११ च्या निवडणुकींत दोन्ही सभागृहें रिपब्लिकनांच्या हातीं गेलीं. दुखावलेल्या सूत्रधारांनीं आपल्याच पक्षाला पाठ दाखविली हेंहि त्याचें एक कारण होतें. त्यानंतरचें १९१२ चें वर्ष जवळजवळ वांझ गेलें. विल्सन अध्यक्षपदाच्या दौऱ्यावर देशभर हिंडत होते, आणि राज्यांत परतले कीं अनेक विधेयकें नामंजूर करून परत धाडीत होते. बहुमत पाठीशीं असतां जो गडी वाऱ्याच्या वेगानें धांवला तो विरोधी बहुमतापुढें अडखळला. प्रतिपक्षाशीं देवघेव करून कामें करून घेण्याची कला त्यांना साधली नाहीं.

व्यापारी वाचकांस विशेष वाटावें असें दुसरें एक कलम आहे. न्यू जर्सी हें मोठमोठ्या मक्तेदार कंपन्यांचें माहेर होतें. एका कंपनीनें दुसरीचे भाग विकत घेऊन तिच्यावर ताबा ठेवावा, याला तेथील कायद्यानें १८८९ च्या सुमारास मोकळीक दिली. त्यामुळें स्टँडर्ड ऑईल, युनायटेड स्टेट्स स्टील यांसारख्या अजस्र संस्था तेथेंच नोंदल्या गेल्या, आणि त्यांच्या शुल्कावर राज्याची तिजोरी भरूं लागली. विल्सन मक्तेदारीविरुद्ध देशभर गर्जत होते. पण आपल्या घरांतील या मक्तेदारांविरुद्ध गव्हर्नर म्हणून काय केलें, असा टोला थिओडोर रूझवेल्ट यांनीं १९१२ च्या प्रचारांत हाणला, आणि तो वर्मीं लागणारा होता. अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर, गव्हर्नरपद सोडण्यास थोडेच दिवस उरले असतां, फेब्रुवारी १९१३ मध्यें ‘सात बहिणी’ म्हणून गाजलेल्या सात कायद्यांवर त्यांनीं सही केली. संगनमतानें भाव ठरविणें, प्रतिस्पर्ध्यास बुडविण्यासाठीं एका गांवीं एक व दुसऱ्या गांवीं दुसरा दर लावणें, हे गुन्हे ठरले. परिणाम काय झाला? कंपन्यांनीं आपलें बिऱ्हाड शेजारच्या डेलावेअर राज्यांत हलविलें, आणि थोड्याच वर्षांत न्यू जर्सीनें ते कायदे बहुतांशीं मोडीत काढले. एका पेठेंत कर बसवून दुसरी पेठ मोकळी ठेविली तर माल कोठें जाईल हें सांगावयास अर्थशास्त्री नको.

आतां खर्चाच्या बाजूचीं तीं कलमें, जीं त्या वेळीं फारशीं कोणी वाचलींच नाहींत. ज्या एप्रिल १९११ मध्यें मजुरांचा कायदा झाला त्याच महिन्यांत विल्सन यांनीं आणखी एका कायद्यावर सही केली. सरकारी संस्थांत ठेवलेले मंदबुद्धि, अपस्मारी व कांहीं वर्गांचे गुन्हेगार यांची शस्त्रक्रियेनें प्रजननशक्ति नष्ट करण्याचा अधिकार त्यानें एका मंडळास दिला. हाहि त्या काळीं ‘सुधारणा’ या नांवाखालींच खपला. शास्त्राचें नांव, समाजहिताचें नांव, आणि सुरी मात्र ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या देहावर! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९१३ मध्यें, कायद्याच्या समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग होतो म्हणून, तो रद्द केला. सुधारक म्हणविणारांनीं हें उदाहरण विसरूं नये. सुधारणा कोणाच्या संमतीनें आणि कोणाच्या अंगावर, हा प्रश्न सुटला कीं सुधारणेचा जुलूम होण्यास वेळ लागत नाहीं.

आणि सर्वांत मोठें कलम तें वर्णभेदाचें. विल्सन प्रमुख असतां प्रिन्स्टनला कृष्णवर्णी विद्यार्थी घेत नसत. १९०९ मध्यें अशा एका तरुणाच्या अर्जाला, आपण येथें येणें मुळींच इष्ट नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांच्याकडून गेलें. त्याच्या चौदा वर्षें आधीं हार्वर्डनें डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णी विद्वानास डॉक्टरेट दिली होती; म्हणजे काळच तसा होता ही सबब येथें चालत नाहीं. १९०२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पांच खंडांच्या अमेरिकन इतिहासांत दक्षिणेंतील गोऱ्यांच्या गुप्त दहशतवादी टोळीकडे सहानुभूतीनें पाहिलें आहे. आणि गव्हर्नर म्हणून त्यांनीं केलेल्या गाजलेल्या कायद्यांच्या यादींत कृष्णवर्णी नागरिकांच्या हक्कांचें एकहि कलम नाहीं. दिव्याखालीं अंधार होता. पण दिव्याचा उजेडच इतका कीं अंधाराकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

जुलै १९१२ मध्यें बाल्टिमोरच्या पक्षसभेंत सेहेचाळिसाव्या मतदानांत विल्सन यांस उमेदवारी मिळाली. ऑक्टोबरांत त्यांनीं बिशप अलेक्झांडर वॉल्टर्स यांस पत्र लिहून कृष्णवर्णी नागरिकांस न्यायानें वागविण्याचें आश्वासन दिलें. डु बॉइस यांनीं त्यांना पाठिंबा दिला. रिपब्लिकन मतें टॅफ्ट व रूझवेल्ट यांच्यांत दुभंगल्यामुळें विल्सन सुमारें शेंकडा ४२ मतांवर, ५३१ पैकीं ४३५ निर्वाचक मतें घेऊन, अध्यक्ष झाले. मग त्या आश्वासनाचें काय झालें? १९१३ मध्यें त्यांच्या मंत्र्यांनीं टपाल व अर्थ खात्यांत कृष्णवर्णी कारकुनांना वेगळें बसविण्यास आरंभ केला. कोठें मध्यें पडदे उभारले, कोठें जेवणाच्या व शौचाच्या जागा निराळ्या केल्या. आणि १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागूं लागले. विल्यम मनरो ट्रॉटर हे शिष्टमंडळ घेऊन नोव्हेंबर १९१४ मध्यें गाऱ्हाणें सांगण्यास गेले, तेव्हां ही विभागणी तुमच्याच हिताची आहे असें सांगून, आणि तुमची बोलण्याची रीत अपमानकारक आहे असें म्हणून, अध्यक्षांनीं त्यांना परत लाविलें.

महाराष्ट्रांतील वाचकांस ही हकीकत परकी वाटूं नये. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला तो गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या सदाचारी लोकांस. त्याच अमेरिकेच्या राजधानींत, चाळीस वर्षांनीं, सरकारी कचेरींत पडदे लागले. आणि त्याच १९१३ सालीं बडोदें सरकारची शिष्यवृत्ति घेऊन भीमराव आंबेडकर नांवाचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास उतरला. शाळेंत वेगळें बसविणें म्हणजे काय हें त्याला कोणी समजावून सांगावयास नको होतें.

दुसरा हिशेब स्वभावाचा. अध्यक्ष म्हणून विल्सन यांनीं पहिल्या चार वर्षांत मोठीं कामें केलीं. १९१३ ची मध्यवर्ती बँकव्यवस्था, १९१४ चा मक्तेदारीविरोधी कायदा, १९१६ चा बालमजुरीविरुद्ध कायदा हीं न्यू जर्सीच्या पहिल्या वर्षाचींच मोठीं रूपें होत. बालमजुरीचा कायदा न्यायालयानें १९१८ मध्यें रद्द केला, पण त्यानें वाट दाखविली. महायुद्धानंतर मात्र प्रिन्स्टनचा हट्टी प्रमुख पुन्हां दिसूं लागला. पॅरिसच्या परिषदेंत जपाननें मांडलेल्या वंशसमतेच्या ठरावाला १७ पैकीं ११ मतें मिळालीं असतांहि, एकमत नाहीं म्हणून, अध्यक्षस्थानावरून त्यांनीं तो नापास ठरविला. ज्यांच्या तोंडून स्वयंनिर्णयाची भाषा जगानें ऐकली त्यांच्या त्याच परिषदेच्या अध्यक्षांस, क्लेमांसो यांस, लोकमान्य टिळकांनीं १९१९ मध्यें हिंदुस्थानच्या हक्कासाठीं पत्र लिहिलें. पदरीं कांहीं पडलें नाहीं. घरीं परतल्यावर राष्ट्रसंघाच्या तहाला सेनेटनें कांहीं अटी जोडल्या. त्या मान्य करून तह पदरांत पाडून घ्यावा असें मित्रांनीं विनविलें. विल्सन यांनीं आपल्या अनुयायांस विरुद्ध मत देण्यास सांगितलें. मार्च १९२० मध्यें सात मतें कमी पडलीं आणि अमेरिका राष्ट्रसंघाच्या बाहेर राहिली. त्या वेळीं ते पक्षाघातानें अंथरुणास खिळलेले होते हें खरें. पण विद्यालयाच्या जागेवरून हरलेला मनुष्य ज्यांनीं १९१० मध्यें पाहिला होता त्यांना हा शेवट अगदींच अनपेक्षित वाटला नसावा. जून २०२० मध्यें प्रिन्स्टननें आपल्या सार्वजनिक धोरणाच्या विद्यालयावरून त्यांचें नांव काढलें. हा निर्णय वर्णभेदाच्या कलमावर झाला, आणि तें कलम १९१२ मध्येंहि वहींत लिहिलेलेंच होतें.

यांतून आपण काय घ्यावें? विल्सन यांस मत देणारे सारे फसले असा आमचा मुळींच आशय नाहीं. ज्यानें आपल्याच बॉसला धुडकावलें, मजुराला न्याय दिला, त्याला मत देण्यास सबळ कारण होतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पूर्वचरित्र वाचावें तें पुरतें वाचावें, आणि वाचतांना चार प्रश्न विचारावे. उमेदवाराला पुढें कोणी आणलें, आणि लोकहिताशीं गांठ पडली तेव्हां त्यांच्याशीं तो कसा वागला? बहुमत पाठीशीं नसतां त्यानें काय साधलें? विरोध झाल्यावर तो ऐकतो कीं हट्टाला पेटतो? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा: त्याच्या सुधारणांच्या यादींत कोणाचें नांव नाहीं? पहिल्या प्रश्नाचें विल्सन यांचें उत्तर लखलखीत होतें. दुसऱ्याचें मध्यम, तिसऱ्याचें चिंताजनक, आणि चौथ्याचें काळेंकुट्ट. पण १९१२ मध्यें बहुतेकांनीं पहिलाच विचारला.

आपल्याकडे २००३ पासून उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण व गुन्ह्यांचे खटले शपथपत्रावर जाहीर करावे लागतात. ही सोय चांगली आहे. परंतु शपथपत्रांत उमेदवाराजवळ काय आहे तें असतें, त्यानें काय केलें तें नसतें. तें मतदारानेंच शोधावयाचें असतें. नगरपालिकेचा सभासद निवडावयाचा असो, बाजारसमितीचा संचालक असो, कीं लोकसभेचा प्रतिनिधि असो, मत मागावयास दारीं आलेल्या गृहस्थाला मागच्या पेढीवरील वही दाखवावयास सांगण्यांत संकोच कसला? आणि ती उघडली म्हणजे जमेच्या पानावर थांबूं नका. ज्या वस्तींत नळ पोंचला नाहीं, ज्या आळींत दिवा लागला नाहीं, ज्यांचें नांव कोणत्याच ठरावांत आलें नाहीं, त्यांना जाऊन विचारा. उमेदवाराची खरी साक्ष त्यांच्याजवळ असते.